खाते बंद, नाते नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै-ऑगस्ट महिन्यांत सांगली-मिरजेच्या चौकाचौकांत उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात आणि त्यांचे पुढचे आयुष्य समस्त आप्तेष्टांनी इन्स्टाग्राम-फेसबुकवर पाहायचे, असे जणू तेव्हाच ठरून जाते. त्यांपैकी एखाद्याने मध्येच आपली खाती बंद केली, की इकडे दोनच तर्क लढवले जातात : एक तर त्याला शिंगे फुटली, नाही तर तिकडे त्याचे काहीतरी बिनसले. माझी मुलगी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठात पीएच.डी. करीत आहे. तिने व्हॉट्सॲप वगळता बाकी सर्व समाजमाध्यमे सोडली, तेव्हापासून हे दोन्ही तर्क आमच्या दिवाणखान्यात चहाबरोबर ऐकायला मिळतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

संशोधक विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते. सुरुवातीची वर्षे विषयांचे तास आणि पात्रता परीक्षा यांत जातात. त्याच वेळी अध्यापन-साहाय्यक म्हणून पदवीच्या मुलांचे तास घ्यायचे, त्यांचे पेपर तपासायचे आणि त्या मानधनातून घरभाडे, किराणा आणि थंडीचे कपडे भागवायचे. एफ-१ या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. (संशोधनाला मात्र तासांची अशी कोणतीही मर्यादा नाही, हे या नियमातले मौजेचे कलम.) महिनोन्‌महिने एकच प्रयोग फसत राहिला, तर त्याचे छायाचित्र काय टाकणार? एम.एस.ला गेलेल्यांची ओढाताण आणखी वेगळी असते, कारण त्यांच्यापैकी अनेकांना असे मानधन मिळत नाही आणि मागे घर किंवा जमीन तारण ठेवून काढलेले कर्ज उभे असते. जर्मनीला जाणाऱ्याला बहुधा ११,९०४ युरो आधीच एका बंदिस्त खात्यात ठेवावे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. त्यात सारे बसवायचे. अशी मुले भोजनालयात ताटे विसळतात, ग्रंथालयाच्या काउंटरवर रात्रपाळी करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा विचार आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत रुजवला. त्याच मातीतला मुलगा परदेशात ताटे विसळतानाचे छायाचित्र टाकायला लाजतो आणि बर्फातले तेवढे टाकतो, याला जबाबदार तो एकटा नाही. पाहणारे आपणही आहोत.

पाहणाऱ्यांचा जाच किती सूक्ष्म असतो, हे मुलीने एका वाक्यात सांगितले : ‘‘फोटो टाकला की ‘पगार किती’, नाही टाकला की ‘बरी आहेस ना’.’’ डिसेंबरात तिकडे दुपारी साडेचारलाच अंधारू लागते. दिवसभर प्रयोगशाळेत राबून खोलीवर आलेल्या मुलीने फोन उघडावा, तर एकीचा साखरपुडा, दुसऱ्याची हिंजवडीतली नोकरी आणि नवी गाडी, मावसबहिणीचे बारसे. यांत वाईट काहीच नाही. पण ज्या वयात बरोबरीचे सगळे स्थिरस्थावर होताना दिसतात, त्या वयात आणखी काही वर्षे विद्यार्थीच राहायचे असेल, तर रोज रात्री हा पट समोर उलगडून बसणे परवडत नाही. तिने खाती बंद केली ती या हिशेबाने, आणि तो मला पूर्णपणे पटतो.

अलीकडे या प्रश्नाला व्हिसाचा एक वेगळाच पदर जोडला गेला आहे. अमेरिकेच्या व्हिसा-अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती मागितली जाते आणि जून २०२५ मध्ये तर विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांनी आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत, अशी सूचना निघाली. तेव्हापासून काही पालक मुलांना अर्जाच्या तोंडावर सगळे पुसून टाकायला सांगतात. हा सल्ला धोक्याचा आहे. पाच वर्षांच्या आत वापरलेले खाते आज बंद असले, तरी त्याची नोंद अर्जात करावी लागते आणि माहिती दडवल्याचे आढळले तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ज्याला मनःशांतीसाठी बाहेर पडायचे आहे, त्याने खात्यांची नावे लिहून ठेवावीत, आपली छायाचित्रे उतरवून घ्यावीत आणि मग खुशाल बाहेर पडावे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम खाते कायमचे पुसण्यापूर्वी ३० दिवस देतात. तेवढ्यात मन बदलले तर परत फिरता येते.

मात्र प्रत्येक मौन निरोगी असते, असे मी म्हणणार नाही. समाजमाध्यमे सोडली पण फोन उचलला जातो, ही एक गोष्ट. फोनही टाळला जाऊ लागला, जेवणाखाण्याविषयी उडवाउडवीची उत्तरे येऊ लागली, तर ती अगदी वेगळी. तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असते. त्या कार्यालयाचा आणि खोलीतल्या जोडीदाराचा दूरध्वनी क्रमांक घरी लिहिलेला असला, म्हणजे काळजी वाटताच योग्य ठिकाणी विचारता येते. आमचे म्हणाल, तर रविवारी सकाळी आठला फोन होतो. तिकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळे तासभर मागे गेली की साडेआठ. महिन्याकाठी दोन पानांची ई-मेल येते, ती आजी छापून घेऊन वाचते. इन्स्टाग्रामवर असताना तिने कधी प्रयोग फसल्याचे कळवले नव्हते, ई-मेलमध्ये कळवते.

एक तोटा मात्र मान्य करायला हवा. अशी विचारी मुले समाजमाध्यमांतून निघून गेली, की मैदान सल्लागार संस्थांच्या रील्सना मोकळे राहते. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. त्यांच्या मागोमाग निघणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना भाडे किती, काम किती, शिष्यवृत्ती कोणाला मिळते, कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो, हे ऐकायला मिळते ते बहुधा ज्याला प्रवेशामागे दलाली मिळते त्याच्याकडून. डिसेंबरच्या सुट्टीत बरीच मुले घरी येतात. वालचंद, विलिंग्डन यांसारख्या आपल्या महाविद्यालयांनी त्या दिवसांत एखादी संध्याकाळ ठेवून अशा माजी विद्यार्थ्यांना खर्चाच्या आकड्यांसह बोलायला बोलवावे आणि आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीने त्यांच्या पत्रांसाठी दरमहा अर्धे पान द्यावे, एवढी विनंती करतो. लिहिणाऱ्याचे छायाचित्र छापण्याची सक्ती नसली, तर माझी मुलगीही लिहील, असे तिने कळवले आहे.

आपला,
एक पालक, विश्रामबाग, सांगली