लष्कराची गाडी भाड्याने धावू नये

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार यांस,
सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या स्टँडवर काळी-पिवळी टॅक्सी चालवतो. लष्कराच्या गाड्या खासगी भाड्याने धावतात, ही माझी तक्रार आहे.

कामठी, पुलगाव, भंडारा, भद्रावती. विदर्भात लष्कराशी जोडलेली अशी बरीच गावं आहेत. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला मे २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा विझवायला गेलेले किती जण परतले नाहीत, हे इकडे कोणी विसरलेलं नाही. आमचा स्टँड कोणत्या तळाजवळ आहे, ते मात्र मुद्दाम लिहीत नाही. कारण लष्कराच्या एखाद्या चालकाला शिक्षा करून हा विषय मिटवला जाऊ नये.

लग्नसराईत वऱ्हाडासाठी लष्कराची बस मिळते. सोयाबीन निघालं की लष्कराचा ट्रक बाजार समितीपर्यंत चुंगड्या, म्हणजे पोती, नेतो. पैसे हातोहात, पावती नाही. भाव आमच्याहून बराच कमी, आणि तो असणारच: डिझेल सरकारचं, चालकाचा पगारही सरकारचा. आम्ही परमिट, पासिंग, विमा, बॅज सगळं भरून, वर बँकेचा हप्ता सांभाळून काळी-पिवळी नंबरात लावतो. पावसाळ्यात सवारी मिळत नाही. वर्षाचं घर लग्नसराई आणि पिकाच्या हंगामावर चालतं, आणि नेमकी तीच कमाई जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ६६ सरकारी गाडीला परमिटमधून सूट देतं, पण ती सरकारी कामापुरती, धंद्यासाठी नाही. विम्याची सूट देणाऱ्या कलम १४६ मध्येही धंद्याला जागा नाही. मग भाड्याचं वऱ्हाड घेऊन जाणारी ती बस उलटली, तर जखमींनी भरपाई कोणाकडे मागायची? आमचा एक दिवा बंद असला तरी चालान फाटतं. लष्कराच्या बाणाच्या नंबरप्लेटची गाडी हात दाखवून थांबवायची मात्र रस्त्यावर कोणाची हिंमत होत नाही.

पुरात, अडल्या बाळंतिणीला जवान गाडी देतात. त्याबद्दल आम्ही कायम ऋणी आहोत. तक्रार फक्त भाड्याची आहे.

प्रत्येक तळाला लेखी आदेश द्या. लग्नतिथींच्या दिवसांची लॉगबुकं बाहेरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. आणि जवानांच्या कुटुंबांना स्टेशनवर, बाजारात नेण्यासाठी तळाला गाड्या भाड्याने लागतातच. त्या तालुक्यातल्या परमिटधारकांकडून घ्या. दर तुम्ही ठरवा, आम्ही बसून बोलायला तयार आहोत.

आपला,
तालुका स्टँडवरचा एक काळी-पिवळी चालक