कासच्या फुलांसाठी लहान कॅमेराच बरा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

कासच्या पठारावरील फुलांचा हंगाम जवळ आला की हौशी छायाचित्रकारांची तयारी सुरू होते. अलीकडे त्यांच्यात फिल्मचे जुने कॅमेरे गळ्यात अडकवून येणारी तरुण मुलेही दिसू लागली आहेत. त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही. मात्र याच पठारावर तेरा-चौदा वर्षे फिल्म वापरून आणि नंतर लहान डिजिटल कॅमेऱ्याकडे वळून मला जे कळले, ते त्यांच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९९६ पासून मी साताऱ्याहून कासला जात असे, तो निकॉन एफएम-१० हा फिल्मचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून टिपण्यासाठी लेन्स पुढे नेणारी पोकळ नळी) आणि ट्रायपॉड असे ओझे घेऊन. दवबिंदू किंवा सीतेची आसवं या रोपांची फुले इतकी लहान असतात, की त्यांचे बारकावे टिपायचे तर फिल्मवर जवळजवळ मूळ आकाराची प्रतिमा घ्यावी लागते. अशा वेळी अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले छिद्र, एफ-१६ पर्यंत (आकडा मोठा तितके छिद्र लहान) बारीक केले तरी जेमतेम दोन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, शिवाय ट्यूबमुळे फिल्मपर्यंत पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. भाद्रपदातल्या दाट ढगाळ उजेडात १०० एएसएच्या (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्मवर शटर पाव सेकंद उघडे ठेवावे लागे, आणि पठारावरचा वारा तेवढाही उसंत देत नसे. छत्तीस चित्रांच्या रोलमधली पाच-सहा बरी निघाली तर मी खूश असे, आणि तेही रोल धुऊन आल्यावर, म्हणजे आठवड्याने कळे.

हा त्रास माझा होता, तो सोसला. फुलांना झालेला त्रास मात्र आज आठवला की ओशाळल्यासारखे होते. बोटभर उंचीच्या फुलाच्या पातळीवर कॅमेरा न्यायचा आणि व्ह्यूफाइंडरला डोळाही लावायचा, म्हणजे ट्रायपॉडचे पाय फाकवून स्वतः पालथे पडण्यावाचून गत्यंतर नसे. एका फुलाचे चित्र घेऊन उठलो की अंगाखाली किती फुले चिरडली गेली, हे मी पाहिले आहे. पाहूनही पुढच्या फुलासाठी पुन्हा आडवा झालो आहे.

२०१० च्या हंगामाआधी मी कॅनन पॉवरशॉट जी-११ हा लहान डिजिटल कॅमेरा घेतला. त्यातला सेन्सर, म्हणजे फिल्मऐवजी प्रकाश टिपणारा तुकडा, क्षेत्रफळाने फिल्मच्या चौकटीचा सुमारे विसावा हिस्सा आहे, म्हणून सोबत्यांनी त्याला खेळणे म्हटले. लग्नाच्या हॉलमधल्या मंद उजेडात किंवा मोठ्या छपाईसाठी त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु जवळून फूल टिपताना हाच लहानपणा कामी येतो. तेवढेच फूल तेवढ्याच चौकटीत बसवले, तर या कॅमेऱ्यात एफ-४ ला जी स्पष्टतेची खोली मिळते, ती फिल्मवरच्या एफ-११ च्या जवळपास भरते. साहजिकच त्याच ढगाळ उजेडात, त्याच १०० आयएसओला (एएसएचेच नवे नाव) शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापर्यंत नेता येते. वारा वाहत असला तरी फूल स्थिर उतरते आणि ट्रायपॉड गाडीत राहतो. मागचा पडदा बाहेर वळवता येत असल्यामुळे पायवाटेवर उकिडवे बसून, कॅमेरा हाताने खाली धरून वरून चौकट पाहता येते. लेन्स फुलापासून एक सेंटिमीटरवर नेता येते खरी, पण तेव्हा तिची सावली फुलावर पडते. थोडे मागे राहिलेले बरे.

जुन्या सवयी मोडायला मात्र दोन हंगाम गेले. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश निमूटपणे पचवते, म्हणून मी १०० ची फिल्म घालून प्रकाश मोजणारा मीटर ८० वर, म्हणजे थोडा जास्त प्रकाश मिळेल असा, ठेवत असे. तीच उदारता डिजिटलमध्ये दाखवली आणि पांढऱ्याशुभ्र गेंदाच्या फुलांचे ताटवे केवळ कोऱ्या ठिपक्यांसारखे आले. पांढरा रंग एकदा जळाला की संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. आता मी एक्सपोजर, म्हणजे चित्राला मिळणारा प्रकाश, दोन तृतीयांश स्टॉपने कमी ठेवतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावर, नजर ठेवतो. जास्तीचा प्रकाश न सोसणारी स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना ही शिस्त आधीपासूनच ठाऊक होती. अ‍ॅपर्चर बारीक करत जाण्याचा हातही आवरावा लागला, कारण एवढ्या लहान सेन्सरवर एफ-८ ला चित्र मऊ पडू लागते. बटण दाबणे आणि चित्र उमटणे यांत क्षणभर जातो, तेवढ्यात फुलपाखरू निघून जाते. लख्ख उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. मी छत्री उघडतो.

फिल्मचे एक श्रेष्ठत्व मला बिनशर्त मान्य आहे. माझ्या १९९६ च्या निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत शाबूत आहेत, तर २०११ चा जवळजवळ सारा हंगाम हार्ड डिस्क बंद पडल्यामुळे गेला. तेव्हापासून मी प्रत्येक चित्राच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. उलट, त्या निगेटिव्हवर तारीख नसल्याने कोणते फूल कोणत्या आठवड्यात फुलले होते, हे मला आज सांगता येत नाही. डिजिटल चित्रात ती आपोआप नोंदली जाते, बशर्ते कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर लावलेले असेल.

२०१२ च्या जानेवारीत फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासही जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून पठारावर येणारी पावले वाढतच गेली आहेत. म्हणून पठाराची व्यवस्था पाहणाऱ्यांना विनंती, की प्रवेशाच्या ठिकाणी सूचना देताना पायवाट सोडून आडवे पडण्यास आणि फुलांत ट्रायपॉड रोवण्यास मनाई असल्याचे ठळकपणे सांगावे. फिल्मच्या कॅमेऱ्यानेच चित्रे घ्यायची असतील, त्यांनी कास तलावाची, ढगांची, लांबवर पसरलेल्या रंगांच्या पट्ट्यांची घ्यावीत. त्यासाठी उभे राहूनही भागते.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा