फेटाळलेल्या अर्जांचं मोल : सिस्टरांना एक अनावृत पत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून जाहीर लिहिते. तुम्ही दिलंत ते आमच्या गटापुरतंच दडवून ठेवणं मला बरं वाटत नाही.

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. मजुरी बुडालेल्या, कामावरून तडकाफडकी काढलेल्या, राहत्या जागेतून हुसकावलेल्या माणसांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि योग्य त्या कचेरीपर्यंत पोचवायचं. तुम्हाला बोलावलं होतं एका भाषणासाठी. 'चर्च आणि शांतता' हा गुळगुळीत विषय आम्हीच काढलेला. तुम्ही आलात, भाषणाचं नंतर बघू म्हणालात आणि आमची नोंदवही मागितलीत. पुढचे कितीतरी शनिवार त्या वहीतच गेले.

आमच्यातले बरेच जण ख्रिस्ती नाहीत, काही तर देवच मानत नाहीत. पहिल्याच दिवशी एकाने तुम्हाला तोंडावर विचारलं, "निवेदनं काढण्यापलीकडे चर्च करतं तरी काय?" तुम्ही हसलात आणि चिलीबद्दल बोलायला लागलात. तिथूनच सगळं सुरू झालं.

११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. माणसं उचलली जाऊ लागली आणि काही परत आलीच नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅथलिक, लुथरन आणि इतर चर्चेसनी, ज्यू समाजाला बरोबर घेऊन, एक मदत समिती काढली. लष्करशहा पिनोशेच्या दबावाखाली ती १९७५ च्या अखेरीस बंद करावी लागली. तेव्हा राजधानी सांतियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी काय केलं, तर १ जानेवारी १९७६ पासून तेच काम धर्मप्रांताचा अधिकृत विभाग म्हणून सुरू केलं. नाव 'विकारिया दे ला सोलिदारिदाद', कचेरी कॅथेड्रलला लागून. आता ती बंद करायची तर थेट चर्चलाच हात घालावा लागला असता. या डावपेचाबद्दल बोलताना तुमचे डोळे चमकले होते, आणि 'सिस्टर लोक साधे असतात' हा समज आमच्या गटात त्या दिवशी संपला.

तिथले वकील अटकेत गेलेल्या प्रत्येक माणसासाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करा असा, अर्ज करत. असे हजारो अर्ज गेले आणि जवळपास सगळे फेटाळले गेले. आमच्यातली वकील मैत्रीण वैतागून म्हणाली, "मग उपयोग काय?" तुमचं उत्तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे : "फेटाळलेल्या अर्जावरही शिक्का असतो, तारीख असते. आणि सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं."

'ही व्यक्ती आमच्या ताब्यात नाही' असं सरकार लिहून देत होतं, म्हणजे खोटं सहीनिशी दप्तरात जमा होत होतं. १९९० मध्ये लोकशाही परतली. नव्या सरकारने सत्यशोधनासाठी रेटिग आयोग नेमला, तेव्हा त्याच्या हाताशी विकारियाच्या फायली तयार होत्या. आयोगाने १९९१ च्या अहवालात २,२७९ माणसांचे मृत्यू आणि बेपत्ता होणं नोंदवलं. पुढे २००३ मध्ये चिलीतल्या मानवी हक्कांच्या दस्तऐवजांना युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत जागा मिळाली, त्यात हेही दप्तर आहे.

लोन्केनचं प्रकरण तुम्ही सांगितलंत ते माझ्या मनातून जात नाही. १९७५ मध्ये चिलीच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत सांगून टाकलं होतं की बेपत्ता म्हणून दिलेल्या नावांपैकी अनेकांचं कायद्याने अस्तित्वच नाही. तीन वर्षांनी एका माणसाने एका धर्मगुरूला विश्वासात घेऊन सांगितलं की राजधानीपासून जवळच्या लोन्केनमध्ये चुन्याच्या बंद पडलेल्या भट्ट्या आहेत आणि आत प्रेतं आहेत. ३० नोव्हेंबर १९७८ ला विकारियाने तिथे माणसं पाठवली. इथे तुम्ही थांबलात आणि आम्हाला विचारलंत, "कोणाकोणाला न्यावं?" आम्ही वकील म्हटलं, डॉक्टर म्हटलं. त्यांनी बिशप नेला, वकील नेले आणि दोन पत्रकारही नेले. सापडलेलं पाहणारे इतके आणि असे असावेत की उद्या कोणाला ते नाकारता येऊ नये. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार दिली. अवशेष निघाले पंधरा जणांचे. इस्ला दे माइपो या गावातून ऑक्टोबर १९७३ मध्ये पोलिसांनी नेलेली ती माणसं होती आणि त्यांतले पाच एकाच घरचे, बाप आणि चार मुलगे.

त्यावर तुम्ही बायबलमधला एकच प्रश्न वाचलात, भावाला मारणाऱ्या काइनाला देवाने विचारलेला : "तुझा भाऊ हाबेल कोठे आहे?" आणि पुस्तक मिटलंत. वर प्रवचन जोडलं नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

ब्राझीलचा किस्सा ऐकून तर आमची पोरं टाळ्या पिटायचीच बाकी होती. तिथेही लष्करी राजवट होती. १९७९ च्या राजकीय माफीच्या कायद्यानंतर वकिलांना लष्करी न्यायालयातल्या फायली अशिलांच्या कामासाठी चोवीस तासांच्या मुदतीने बाहेर नेता येत होत्या. साओ पाउलोचे कार्डिनल पाउलो एवारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाळक जायमे राइट यांच्या पाठबळावर एका गटाने याच सवलतीचा फायदा उचलला. फाइल घ्यायची, झेरॉक्स काढायच्या, वेळेत परत करायची. असं करत सातशेच्या वर खटले, सुमारे दहा लाख पानं. पैसा जागतिक चर्च परिषदेकडून आला आणि मायक्रोफिल्म सुरक्षित राहाव्यात म्हणून देशाबाहेर गेल्या. १९८५ मध्ये या सगळ्याचा सारांश छापून आला, तेव्हा तो खोटा म्हणायची सोय नव्हती. छळ झाल्याचं आरोपींनी लष्करी न्यायाधीशांसमोर सांगितलं होतं आणि न्यायालयाच्याच कारकुनांनी ते लिहून ठेवलं होतं. कॅथलिक कार्डिनल आणि प्रोटेस्टंट पाळक एका कामात गुंतले ही गोष्ट तुम्ही ओझरती सांगितलीत. मला ती पुष्कळ मोठी वाटते.

पण सगळ्यात जास्त आभार त्या एका दुपारचे. घरकाम करणाऱ्या एका ताईंचा जबाब आमच्या एका मुलाने मन लावून लिहिला होता. तुम्ही म्हणालात, "त्यांना वाचून दाखवा, माझ्यासमोर." त्याने वाचायला घेतलं. 'त्यांनी रडत रडत सांगितले' या ओळीवर ताईंनी थांबवलं. "रडले नाही मी. चिडले होते. ते लिहा." मग आणखी एक दुरुस्ती : मालकिणीने 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं नव्हतं, दारच उघडलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने या दोन्हींत फरक आहे हे वकील मैत्रिणीने नंतर समजावलं, पण तुम्ही ते कायद्यासाठी करत नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे. जबाब देणाऱ्याला तो शेवटपर्यंत वाचून दाखवायचा, त्याने खोडलं तर खोडायचं, आणि मगच अंगठा किंवा सही. वहीत 'पाहिलेलं' आणि 'ऐकलेलं' असे दोन रकाने तुम्ही पट्टीने आखून दिलेत, ते आता छापून घेतले आहेत. कामावरून काढल्याची तारीख ज्यांना आठवत नाही त्यांना सण, पाऊस, मुलाची परीक्षा विचारायची, हेही तुमचंच.

ही पद्धत कुठून आली असं विचारल्यावर तुम्ही ग्वातेमालाकडे वळलात. तिथल्या चर्चने १९९५ मध्ये यादवीतल्या अत्याचारांच्या साक्षी गोळा करायला घेतल्या. गावोगावचे लोक तयार केले, माया लोकांच्या त्यांच्या त्यांच्या भाषांत विचारलं. काय घडलं, कोणी केलं एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याने तुमच्या जगण्याचं काय झालं, तुम्ही त्याला तोंड कसं दिलंत, हेही विचारलं. नुसता बळी म्हणून कोणाची नोंद करायची नाही, हा त्यामागचा आग्रह. बिशप हुआन हेरार्दी यांनी तो अहवाल २४ एप्रिल १९९८ ला कॅथेड्रलमध्ये लोकांपुढे ठेवला. २६ एप्रिलच्या रात्री त्यांना त्यांच्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये ठेचून मारलं. २००१ मध्ये तीन लष्करी माणसांना शिक्षा झाली, आणि एका धर्मगुरूलाही.

'आणि एका धर्मगुरूलाही' हे तुम्ही मुद्दाम म्हणालात. त्या वाक्यामुळे माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास बसला. विकारियाचे पहिले प्रमुख पुढे लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून २०१८ मध्ये पौरोहित्यातून काढले गेले, हेही तुम्हीच सांगितलंत. आम्ही कोणी ते खोदून काढलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला धर्माचा आधार पुरवला, तो इतका की रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेला १९८२ मध्ये ओटावाला वर्णभेद हे पाखंड आहे असं जाहीर करून त्या चर्चचं सदस्यत्व स्थगित करावं लागलं. रवांडात १९९४ मध्ये आसऱ्याला आलेली माणसं चर्चमध्येच मारली गेली. न्यांगे इथे चर्चची इमारत आतल्या माणसांवर बुलडोझरने पाडली गेली आणि त्याबद्दल तिथल्याच धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. हे सांगताना तुमचा आवाज चढला नाही की उतरला नाही. दुसऱ्यांची कागदपत्रं जशी वाचायचात, तशीच ही वाचलीत.

एका बाबतीत मात्र आपलं जुळलं नाही, आणि आभाराच्या पत्रातही ते लिहायला हवं. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्गला दक्षिण आफ्रिकेतली चर्चेस एकत्र आली. डच रिफॉर्म्ड चर्चचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले आणि वर्णभेदातला स्वतःचा आणि आपल्या चर्चचा अपराध त्यांनी कबूल केला. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आर्चबिशप डेस्मंड टूटूंनी तिथल्या तिथे ती कबुली स्वीकारून क्षमा केली. अनेक कृष्णवर्णीय प्रतिनिधींना ते रुचलं नाही. सगळ्यांच्या वतीने क्षमा करणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. तुम्ही टूटूंच्या बाजूच्या, मी त्या नाराज प्रतिनिधींच्या. तुमचं म्हणणं, कोणीतरी आधी हात पुढे करावाच लागतो. माझं म्हणणं, ज्याचं गेलं त्याला विचारल्याशिवाय नको. तुम्ही तीनदा समजावलंत, माझं मत आहे तिथेच आहे. पण असा वाद घालूनही दुसऱ्या शनिवारी तुम्ही त्याच वेळेला हजर होतात.

शांततेबद्दल मात्र तुम्ही शेवटी शेवटी बोललात, तेही मोझांबिकबद्दल आणि थोडक्यात. १९७७ पासूनच्या यादवीत सुमारे दहा लाख माणसं गेली होती. रोममधल्या सांत एजिदिओ या कॅथलिक मंडळाच्या जुन्या मठात सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना समोरासमोर बसले. मध्यस्थ चार : मंडळाचे आंद्रेआ रिकार्दी आणि मातेओ झुप्पी, बेइराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्व्हेस आणि इटलीच्या सरकारतर्फे मारिओ राफाएल्ली. जुलै १९९० मध्ये बोलणी सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला करार झाला. या मंडळाकडे ना फौज होती, ना दबाव आणण्याइतका पैसा. त्यांच्याकडे वेळ होता आणि दोन्ही बाजूंच्या माणसांशी आधीपासूनची ओळख होती. तुम्ही एवढंच म्हणालात की सव्वादोन वर्षं बसायची तयारी असेल तर मध्यस्थी करा, नाहीतर नोंदी करा, तेही काम आहे. आम्ही नोंदींचं घेतलं.

आता कामाचं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्या जबाबांच्या तीन प्रती झाल्या आहेत आणि त्या तीन वेगळ्या जागी आहेत. ताईंच्या प्रकरणात पहिला अर्ज फेटाळला गेला, पण उत्तर लेखी आलं आहे. त्यात मालकिणीने 'ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती' असं लिहून दिलं आहे. ताईंकडे त्याच घरातल्या मुलाच्या वाढदिवसाचे, त्यांनी केक कापून वाटतानाचे फोटो आहेत. वकील मैत्रीण अपिलाच्या तयारीला लागली आहे.

पावसाळ्यानंतर नवी तुकडी येते आहे. त्यांच्यातही कोणीतरी विचारणारच, चर्च करतं तरी काय म्हणून. तेव्हा तुम्ही असायला हव्यात. तारीख तुमच्या सोयीने कळवा, आणि टूटूंबद्दल काही नवा मुद्दा सापडला असेल तर तोही घेऊन या.

तुमची,
नोंदवहीवाली