मिस्त्रीकाका, गाडी आमच्या अंगाला लावून दिलीत त्याबद्दल

मिस्त्रीकाकांना सप्रेम नमस्कार.

आभार तुमचे आहेत, पण पत्र उघड लिहितोय. तुम्ही गॅरेजच्या ओट्यावर जे सांगता ते विरारपासून पनवेलपर्यंत पहिली मोटारसायकल घेणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे, आणि तुम्ही काही ते लिहून काढणार नाही. शोरूममधून गाडी निघते तेव्हा हार, पेढे, फोटो सगळं होतं. हँडलवरच्या ब्रेक-क्लचच्या लिव्हर, पेडल आणि आरसे मात्र आले तसेच राहतात. पाच फूट उंचीच्या मुलीला आणि सहा फुटी मुलाला तीच मापं. गाडी मेन स्टँडवर घेऊन, माणसाला वर बसवून, पाना हातात घेऊन ती त्याच्या अंगाला लावून देणारे तुम्ही. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत.

मनगट दुखायला लागलं की नवा माणूस सीट बदलायच्या गोष्टी करतो. तुम्ही आधी लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करता. नेहमीसारखं बसून दोन बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत सरळ रेष यायला हवी. लिव्हर वर राहिली तर मनगट मागे मोडतं आणि बोटं ब्रेकवर पोचायला उशीर होतो. फार खाली गेली तर मनगट पुढे मोडतं. बोल्ट परत आवळताना तुम्ही गच्च करत नाही, हेही आम्ही पाहून शिकलो: गाडी आडवी पडली तर लिव्हर फिरावी, तुटू नये.

मग क्लचची ढील. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल. अजिबात ढील नसेल तर क्लच पूर्ण धरतच नाही, प्लेटा घासत राहतात, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. जास्त असेल तर सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते आणि न्यूट्रल सापडत नाही. मागच्या ड्रम ब्रेकच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर. चेन ताणली की मागचं चाक मागे सरकतं आणि ब्रेकचा रॉड आपोआप आवळला जातो, म्हणून चेननंतर ब्रेक पुन्हा बघायचा, हे तुमच्याइतकं ठासून कुणी सांगत नाही. नाही बघितला तर ब्रेक चिकटून चालतो, ड्रम तापतो आणि ॲव्हरेज पडल्यावर लोक कार्ब्युरेटरला किंवा पेट्रोलपंपाला शिव्या देतात. ब्रेक लाइटचा स्विचही त्याच वेळी लावायचा. दिवा सतत पेटलेला राहिला तर तुम्ही खरंच ब्रेक मारलाय हे मागच्याला कळणार कसं?

हात बधिर होतात त्याचं कारण बहुतेक वेळा हँडल नसतं, पकड असते. गुडघ्यांनी टाकी धरली की पाठ आणि पाय वजन घेतात, हात मोकळे राहतात. पायाचा चवडा फूटरेस्टवर, बोटं सतत ब्रेकवर टेकवून नाहीत. आरशात स्वतःची कोपरं जेमतेम कडेला दिसावीत, बाकी सगळा रस्ता. या सगळ्याला तुम्ही आराम म्हणत नाही, ब्रेकच म्हणता: अंग दुखणारा माणूस उशिरा ब्रेक मारतो, आणि ५० च्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. आम्हाला हे पटायला वेळ लागला नाही. नव्यांना लागतो, कारण त्यांना आराम म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटतं.

हेल्मेटच्या बाबतीत तुम्ही दुकानदारावर विश्वास ठेवू देत नाही. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघायचा. घालून गाल आत दाबले गेले पाहिजेत. हनुवटीपाशी धरून हलवलं तर कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. पट्ट्याखाली फार तर दोन बोटं जावीत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत असो, आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो आणि तो पुन्हा फुगत नाही. रात्री काळी काच नाही. काच पेट्रोलने पुसायची नाही, ओल्या फडक्याने किडे भिजवून काढायचे.

हवा थंड टायरमध्ये, आठवड्यातून एकदा. आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरचा, पंपावरच्या पोराच्या अंदाजाचा नाही. बऱ्याच १०० ते १२५ सीसी गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतं, डबलसीट असेल तर मागे त्याहून जास्त. टायर विकत घेताना बाजूवरचे चार आकडे वाचायचे: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चेनची ढील साध्या गाडीला साधारण २० ते ३० मिलिमीटर, पण ती चाक फिरवत चार ठिकाणी बघून, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे मोजायची. तेल दर ५०० किलोमीटरला आणि भिजल्यावर, इंजिन बंद ठेवून, हाताने चाक फिरवत. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन साफ करताना बोटं जातात. आणि कारचं इंजिन ऑइल बाइकमध्ये नाही. डब्यावर जासो एमए (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवं, नाहीतर तेलात भिजलेला क्लच घसरतो.

ब्रेकबद्दल मात्र तुम्ही तासभर बोलू शकता, आणि बोलावंच. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस उडतो’ हे घरोघरी शिकवलं जातं आणि त्यानेच लोक पडतात. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, पकडही तिथेच वाढते. मागचं चाक हलकं होऊन लॉक होतं आणि शेपूट फिरते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटक्याने नव्हे तर पिळत वाढवत, हँडल सरळ असताना. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एका ब्रेकने दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी). पण एकाच चॅनलचं एबीएस फक्त पुढचं चाक सांभाळतं, आणि सीबीएसमध्ये पायाने थोडाच पुढचा ब्रेक लागतो. हात वापरावाच लागतो. खड्डा टाळता आला नाही तर आधी वेग कमी करा, आदळायच्या क्षणी ब्रेक सोडा आणि फूटरेस्टवर किंचित उभे राहा. ब्रेक दाबलेलाच राहिला तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो आणि सगळा धक्का रिमला बसतो. नजर खड्ड्यावर खिळली की गाडी खड्ड्यातच जाते; शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं.

मुंबईचा पाऊस हा तर तुमचा खास विषय. पहिल्या सरींना रस्त्यावरचं तेल वर तरंगतं, तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट. झेब्राचे पट्टे, गटाराची झाकणं, मेट्रोच्या कामांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, उड्डाणपुलांचे सांधे, घासून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक: यांवर ब्रेक नाही, रेस नाही, कलंडणं नाही, सरळ आणि हलक्या हाताने पार. सिमेंट रस्त्याच्या लांबट भेगा आणि रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडायचे. पाणी साचलेल्या रस्त्यावर मधोमध चालायचं, कारण गटारं कडेला उघडी असतात. खोली कळत नसेल तर जायचंच नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, एअर फिल्टर बघा. बाहेर आल्यावर दोनचारदा हलका ब्रेक मारून ड्रम सुकवा. रेनकोट पँट-शर्टाचा हवा. वाऱ्यावर फडफडणारा पोंचो चाकात जातो.

बसच्या आणि डंपरच्या डाव्या बाजूला घुसायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसतच नाही. थांबलेल्या टॅक्सीपासून एक दार उघडेल इतकं अंतर. नकाशाच्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडल्याशिवाय निघू नका, हेही सांगायला हवं: सी-लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि पुणे एक्स्प्रेसवे दुचाकीला बंद आहेत, आणि अडवल्यावर तिथे उलट फिरणं हा दुसरा धोका. लोणावळ्याला जायचं तर पनवेल-खोपोलीचा जुना महामार्ग. घाट उतरताना न्यूट्रल नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तासाभराने थांबून पाणी प्यावं, भूक लागायची वाट बघू नये.

डबलसीटसाठी मागचे शॉकअप एक-दोन खाचा घट्ट, मागे हवा वाढवलेली, आणि मागच्यालाही हेल्मेट. साडीगार्ड दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकणाऱ्यांना तुम्ही गॅरेजमधून परत पाठवता, ते बरंच करता. ओढणी आणि पदर चेनमध्ये जाऊ नये म्हणूनच ते आहे. मागे बसणाऱ्याने, चालवणारा सांगेपर्यंत चढायचं नाही, आणि सिग्नलला पाय खाली टेकायचे नाहीत.

शेवटी, जे तुम्ही लावून दिलं नाही त्याचेही आभार. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याचा गोलावा बिघडतो आणि वळणावर गाडी अडखळते, हे सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारे फार थोडे आहेत. उंच हँडल हवंच म्हणणाऱ्याला तुम्ही इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखवता. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली गेलीय. यू-टर्न घेताना गाडी अंगावर धावून येईल. बहुतेक जण तेवढ्यावर हँडल परत देतात.

तुमचे,
रविवारी पहाटे तुमच्या ओट्यावर गर्दी करणारे

ता. क. — पंपावरचे हवेचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून प्रत्येकाने स्वतःचा छोटा गेज ठेवावा असं तुम्ही म्हणता. नव्या मंडळींसाठी काही गेज आणलेत. पुढच्या रविवारी तुमच्या गेजशी ताडून द्या, मगच वाटू.