वैमानिकांची ज्येष्ठता यादी कोण ठरवणार? नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक आणि सहकार

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातून पत्र आलं म्हणजे ते उजळाईवाडीच्या विमानतळाबद्दल असणार, असं आपल्या कार्यालयात गृहीत धरत असतील. धावपट्टी वाढवा, मुंबईच्या विमानाची वेळ बदला, नवी शहरं जोडा. त्या मागण्या करायला इथं माणसं पुष्कळ आहेत आणि ती गप्प बसणाऱ्यांतली नाहीत. मी लिहितोय ते विमान चालवणाऱ्यांबद्दल. एक कंपनी दुसरीत विलीन होते किंवा विकली जाते, तेव्हा वैमानिकाची यादीतली जागा कुठं लागते आणि ती कोण लावतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी निवृत्त बँक अधिकारी. माझी भाची एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. तिची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. नावं घेत नाही, तिला अजून तिथंच नोकरी करायची आहे. नव्या सेवाशर्तींचं पत्र तिच्या फोनवर आलं तेव्हा ती सुट्टीवर राजारामपुरीत आमच्याकडंच होती. उभा जन्म कर्जाची कागदपत्रं वाचण्यात घालवलेला मामा घरात आहे म्हटल्यावर तिनं फोन माझ्या हातात दिला. पगाराचे तक्ते होते. बाँडचं कलम होतं. बदलीचं होतं, गणवेशाचंसुद्धा होतं. ज्येष्ठतेबद्दल एकच वाक्य: ती कंपनीच्या धोरणानुसार राहील आणि धोरणात कंपनी वेळोवेळी बदल करू शकेल. तळाला ‘मान्य’ असं एक बटण. ‘अमान्य’ला जागाच ठेवलेली नव्हती.

"ते धोरण कुठाय?" मी विचारलं.

"अजून आलं नाही, मामा. सही आधी, धोरण मागनं."

असा कागद आमच्या बँकेत एखाद्या कर्जदारानं आणला असता, तर शिपायानंसुद्धा परत पाठवला असता.

ज्येष्ठतेचं एवढं काय, असं वाटेल. वैमानिकाचं बहुतेक सगळं त्या यादीवर चालतं. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, म्हणजे कमांड कधी मिळणार; मोठ्या विमानावर कोण जाणार; कुठलं शहर बेस म्हणून मिळणार; दिवाळीची रजा कुणाला; आणि वाईट दिवस आले तर आधी घरी कुणाला बसवायचं. बँकेतला माणूस दुसऱ्या बँकेत गेला तर अनुभव मोजून वरच्या स्केलवर जाऊ शकतो. को-पायलट दुसऱ्या कंपनीत गेला की यादीच्या तळाशी लागतो. मागची वर्षं मागंच राहतात.

दोन कंपन्या एक होतात तेव्हा दोन याद्यांची एक करावी लागते, आणि खरी गंमत तिथं आहे. रुजू झाल्याची तारीख धरली तर जुन्या कंपनीचे लोक वर येतात. कमांड मिळाल्याची तारीख धरली तर नव्या, झपाट्यानं वाढलेल्या कंपनीतले तरुण कॅप्टन वर येतात आणि जुन्या कंपनीत दहा-बारा वर्षं वाट बघणारे को-पायलट खाली जातात. प्रमाण ठरवून एक इकडचा, एक तिकडचा असं विणलं तर दोन्हीकडचे चिडतात. यातली कुठलीच पद्धत लबाडीची नाही. म्हणूनच ती दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कुणीतरी ठरवायला हवी. कोल्हापूरच्या तालमीची माती आपल्याला नवी नाही. पंच उभा राहिल्याशिवाय जोड लावत नाहीत, आणि पंच एका पैलवानाच्या घरचाही नसतो.

आपल्या मंत्रालयाला याची किंमत ठाऊक आहे, कारण ती आपल्याच मंत्रालयानं मोजलेली आहे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या. हे जुळवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, विलीनीकरणानंतर चार वर्षांनी, आणि तीही पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केल्यावर. समितीचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक उठले, कारण नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण पलीकडच्या वैमानिकांनाही मिळणार होतं. तो संप ५८ दिवस चालला. एकाच कंपनीचा गणवेश घातलेली माणसं पाच वर्षांनंतरही एकमेकांना ‘ते’ म्हणत होती. समितीतली माणसं चांगली होती. फक्त घर पेटल्यावर विहीर खणायला घेतली होती.

विस्तारा या विमान कंपनीचं तर अगदी ताजं आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी एप्रिलमध्येच नव्या वेतनरचनेवरून वैमानिक मोठ्या संख्येनं आजारपणाच्या रजेवर गेले आणि कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पैसा हमीचा होता, तो ४० तासांवर आला. उरलेले तास उडलात तर मिळणार, रोस्टरनं, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकानं, दिले नाहीत तर नाही.

इथं मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर हा विषय काढला की एकच उत्तर येतं: "लाखांत पगार घेणाऱ्यांचं कसलं आलंय दुखणं?" बरोबर आहे, पगार मोठा आहे. पण मी त्या पगारामागचं कर्जही बघितलंय. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यानंतर विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची पात्रता, वेगळं. सगळं धरून खर्च अर्ध्या कोटीच्या वर सहज जातो. तारण काय असतं? बापाचं राहतं घर, नाहीतर शिरोळकडची उसाची जमीन. त्यात दर वर्षी मेडिकल आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा. एअरबस ए-३२० चं रेटिंग असलेला माणूस उद्या बोइंग ७३७ वर बसू शकत नाही. म्हणजे बाहेरून श्रीमंत दिसणारा हा माणूस एका विमानाला, एका कंपनीला आणि एका यादीला बांधलेला असतो.

आणि जायचं म्हटलं तरी जाणार कुठं? आज देशांतर्गत प्रवास करणाऱ्या दहांपैकी नऊ जण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानात बसतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं रोस्टर कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा बाजार दोघांच्या हातात असण्याचा अर्थ प्रवाशांना कळला. वैमानिकांना तो आधीपासून माहीत आहे.

मला सर्वांत खटकतं ते नोटिशीचं. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, २०१७ मध्ये नियम केला: कॅप्टननं नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, को-पायलटनं सहा महिन्यांची. वैमानिक अचानक गेले तर प्रवाशांचे हाल होतात, हे त्याचं कारण. मला ते पटतं. पण २०२३ मध्ये अकासा एअरचे वैमानिक नोटीस न देता गेले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं, तेव्हा याच डीजीसीएनं सांगितलं की कंपनी आणि वैमानिक यांच्यातल्या नोकरीच्या करारात आम्ही पडू शकत नाही. आता काय समजायचं? वैमानिकानं किती दिवस थांबायचं हे सरकार ठरवू शकतं. तो थांबलेला असताना कंपनीनं त्याच्या शर्ती बदलल्या, तर मात्र तो दोघांतला खासगी करार. माझ्या भाचीला ‘मान्य’ दाबायचं नसतं, तर सहा महिने नव्या शर्तींवर काम करूनच बाहेर पडता आलं असतं.

विलीनीकरणाच्या मंजुरीच्या वाटेवर तरी कुणी हे बघतं का? स्पर्धा आयोग बाजारपेठ आणि तिकिटाचे दर बघतो. कंपनी कायदा न्यायाधिकरण भागधारक आणि धनको बघतं. कर्मचाऱ्यांच्या शर्ती पूर्वीपेक्षा कमी राहणार नाहीत, असं एक ठरलेलं वाक्य योजनेत असतं. पण यादीत चारशेव्या जागेवरून अकराशेव्या जागेवर गेलेल्या माणसाची शर्त कागदावर तीच राहते, कमांड तेवढी काही वर्षं लांब जाते. डीजीसीए विमानं आणि परवाने बघते. यादी कुणाच्याच टेबलावर येत नाही.

यादीसाठी तटस्थ पंच ठेवणं जमण्यासारखं नाही, असं कुणी आपल्याला सांगितलं तर कृपया ऐकू नका. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. २००६ मध्ये गणेश बँक ऑफ कुरुंदवाड फेडरल बँकेत गेली. बँकेनं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून पाहिलं, तो भाग वेगळा. त्याच वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली. दोन्ही वेळा बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४५ वापरलं. त्या कलमातच लिहिलंय की कर्मचाऱ्यांना त्याच पगारावर आणि शर्तींवर पुढं घ्यायचं आणि तीन वर्षांच्या आत, शिक्षण-अनुभव समान असेल तर, नव्या बँकेतल्या समकक्ष कर्मचाऱ्यांइतकं वेतन द्यायचं. शिक्षण-अनुभव समान आहे की नाही यावर वाद झाला तर? तोही प्रश्न कायद्यानं सोडवून ठेवलाय: रिझर्व्ह बँक ठरवेल आणि तिचा शब्द अंतिम. सगळे खूश झाले नाहीत. आमच्या ओळखीतले काहीजण अजून कुरकुरतात. पण दाद कुठं मागायची ते त्यांना माहीत होतं.

बँकाच कशाला, महाराष्ट्रातल्या खासगी शाळांचं बघा. १९८१ च्या नियमावलीनुसार संस्थेला शिक्षकांची ज्येष्ठता यादी ठेवावी लागते, ती सर्वांना दाखवावी लागते, हरकती घ्याव्या लागतात आणि यादी कशी लावायची याची अनुसूचीही आहे. आजऱ्यातल्या शाळेतला गुरुजी स्वतःचा क्रमांक कायद्यानं मागू शकतो. १८० प्रवाशांचं विमान रात्री पावसात उतरवणारी माझी भाची मागू शकत नाही.

अमेरिकेत २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली आणि तिच्या बऱ्याच लोकांना यादीच्या तळाला टाकलं. त्या अनुभवातून २००७ मध्ये तिथं कायदा झाला: याद्या न्याय्य पद्धतीनं एकत्र करायच्या, जमलं नाही तर लवादाकडं जायचं. लवाद आला की भांडण संपतं असंही नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या, लवादाचा निवाडा २००७ मध्ये आला, एका गटानं तो मानला नाही आणि वैमानिक कित्येक वर्षं दोन वेगळ्या याद्यांवर उडत राहिले. म्हणून निवाडा बंधनकारक हवा, आणि विलीनीकरणाच्या आधी हवा.

मी विलीनीकरणाच्या विरोधात नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला. त्या लोकांचे महिनोन् महिन्यांचे पगार बुडाले. कुणी विकत घेणारा मिळाला असता तर त्यांनी यादीतली शेवटची जागाही पत्करली असती. कंपन्या टिकायच्या तर काही एक होणारच. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाला आपल्या मंत्रालयाची शेवटची संमती मिळण्याआधी एकत्रित ज्येष्ठता यादीचा मसुदा जाहीर झाला पाहिजे, हरकती घेतल्या पाहिजेत आणि वाद राहिला तर निवृत्त न्यायाधीशासारख्या तटस्थ व्यक्तीनं ठरावीक मुदतीत निकाल दिला पाहिजे. कंपनीनं एकतर्फी शर्ती बदलल्या तर वर्षाची आणि सहा महिन्यांची नोटीस त्या वैमानिकाला लागू राहू नये. हे करायला डीजीसीएचा २०१७ चा नियम सुधारला तरी पुरेल. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यात वैमानिक कामगार धरायचा की पर्यवेक्षक, हे कामगार मंत्रालयाकडून एकदा लेखी घ्यावं, नाहीतर प्रत्येक वैमानिकाला ते कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागेल. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ ला लागू झाला. त्याच्याखाली नियम करण्याचा अधिकार सरकारकडे आहे.

सहकार खातंही आपल्याकडं आहे, त्यामुळे संस्था एकत्र येताना कर्मचाऱ्यांची फाइल शेवटी उघडली जाते हे आपण जवळून बघितलं असेल. या पत्राचं उत्तर जाहीर भाषणातून नको, डीजीसीएच्या परिपत्रकाच्या मसुद्यातून मिळालं तर बरं. मसुद्यावर हरकती मागवल्यात, तर पहिली हरकत माझी असेल आणि ती कलमवार असेल.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
राजारामपुरी, कोल्हापूर