जादा पंखा नव्हता म्हणून वॉरंटी नाकारली, त्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : डेस्कटॉपची हार्ड डिस्क वॉरंटीत बदलून न देणे आणि वर ‘कूलिंग किट’ गळ्यात मारणे.

महोदय,

घाटंजी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीक विमा, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं तुमच्या डेस्कटॉपवर चालायचं. जुलै संपत आलेला, विम्याची मुदत तोंडावर, दारात रांग. तेव्हाच डिस्क टकटक करायला लागली आणि संध्याकाळपर्यंत मशीन सुरूच होईना. वॉरंटी तीन वर्षांची आहे, पहिलं वर्षही नीट सरलेलं नाही. तरी तुमच्या सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं : ‘अतिउष्णतेमुळे बिघाड. ग्राहकाने अतिरिक्त कूलिंगची व्यवस्था केली नाही.’ त्याच कागदाला डिस्कवर लावायच्या पंख्याचं कोटेशन टाचलेलं. म्हणजे डिस्क नवी घ्यायची ती आमच्या पैशाने, आणि पंखाही तुमच्याकडूनच.

तुमच्या इंजिनिअरनी उष्णता मोजली कशी, ते आधी सांगतो. पत्रा काढला, डिस्कवर तळहात ठेवला, ‘केवढी तापली आहे’ म्हणाले आणि फॉर्म भरला. पन्नास अंशांच्या धातूवर हात ठेवला तर तो गरम लागणारच. या डिस्कच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा ६० अंशांची आहे. शिवाय डिस्कच्या आतच तापमानाचा सेन्सर असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की आकडा समोर येतो. मी ते मशीन घेतल्यापासून वापरत होतो आणि अधूनमधून स्क्रीनचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवत होतो. ते सोबत जोडले आहेत.

त्यातले दिवाळीनंतरचे फोटो नीट पाहा. ‘रीअलोकेटेड सेक्टर’, म्हणजे खराब झाले म्हणून डिस्कने स्वतःच बाजूला काढलेले भाग, यांचा आकडा तेव्हाच शून्यावरून सरकायला लागला. थंडीचे दिवस, डिस्कचं तापमान ३३-३४. असे सेक्टर दिसू लागले की डिस्क दगा देण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते, हे या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. मी तेव्हाच तुम्हाला ईमेल केला होता. ‘मशीन चालू आहे तोवर वापरा, बंद पडल्यास कळवा,’ असं उत्तर आलं. बंद पडलं, कळवलं, आणि आता उन्हाळ्याचं नाव पुढे केलं जातंय.

उष्णतेने काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. गुगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट नाही, असं त्यात दिसलं. जास्त तापमानाचा त्रास मुख्यतः तीन वर्षं आणि त्यापुढच्या डिस्कना जाणवला. माझी डिस्क तर वर्षाचीही नव्हती. साध्या वापरातली डिस्क सात-आठ वॅट वीज खाते, छोट्या एलईडी बल्बाइतकी. तिला स्वतंत्र पंखा लागत नाही. आजूबाजूची हवा हलती असली की भागतं.

आणि ती हलतच नाही, ही तुमच्या कॅबिनेटची कथा आहे. समोरची जाळी नुसती शोभेची, तिच्यामागे सलग प्लॅस्टिक. आतला एकुलता एक पंखा प्रोसेसरवर. डिस्क डीव्हीडी ड्राईव्हच्या खाली चेपून बसवलेली, वर-खाली बोटभरही जागा नाही. मे महिन्यात खोलीत ४१ अंश असताना डिस्क ५७ दाखवत होती. तुमच्याच पुस्तिकेत रॅम वाढवण्यासाठी दाखवलाय तसा बाजूचा पत्रा काढला, टेबल फॅन तिकडे वळवला, तर थोड्या वेळात ४८ वर आली. दोन्ही फोटो आहेत. उष्णतेनेच डिस्क गेली असा हट्ट असेल, तर ती उष्णता कोंडली कोणी?

पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं छापलंय. साहेब, आमच्याकडे होळीच्या आसपासच दुपार त्याच्यावर जाते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात बातम्यांत असतात, ती तुमच्या विक्री विभागानेही ऐकली असतील. ३५ अंशांचंच मशीन होतं तर यवतमाळच्या दुकानात ते ठेवलं कशाला, आणि विकताना एका शब्दाने सांगितलं का नाही?

इंजिनिअरनी जाता जाता आणखी एक सल्ला दिला : कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करा. आमचा कूलर बोअरच्या पाण्यावर चालतो. दोन महिन्यांत खिडकीच्या गजांवर पांढरा क्षार चढतो, दमट हवेने कागद मऊ पडतात. ती हवा उघड्या सर्किटवर सोडायची? बाजूला जिनिंग आहे, हंगामात रुईचे तंतू पंख्याच्या पात्यांना गुंडाळून बसतात. तुमचं किट लावलं तर ते तंतू आणखी आत ओढले जातील, एवढंच होईल.

लोकांच्या कागदपत्रांची दुसरी प्रत माझ्याकडे होती म्हणून गावात तोंड दाखवायची सोय राहिली. पण विम्याच्या शेवटच्या दिवसांत उसनं मशीन आणून रात्री जागवाव्या लागल्या, ते वेगळंच.

डिस्क वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावी, ‘अतिउष्णता’ हा शेरा लेखी मागे घ्यावा, आणि या मॉडेलचं कॅबिनेट हवेशीर असलेल्या कॅबिनेटने बदलून द्यावं, अशी माझी मागणी आहे. पंखा मला नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथेच ती करता येते, आणि स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेल्या वस्तूलाही तो कायदा लागू आहे. बिलाची आणि तुमच्या सर्व्हिस रिपोर्टची प्रत जोडली आहे. जुनी डिस्क माझ्याकडेच सीलबंद ठेवली आहे. तपासायची असेल तर माझ्यासमोर तपासा.

कळावे,
आपला ग्राहक,
सेवा केंद्र चालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ