पाणी वळायच्या आत

नांत, १३ मे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, "तीन दिवस बेटावर करायचं तरी काय?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा चिनूच्या आरडाओरड्यात धड सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर काहीच केलं नाही. सकाळी चालत जाऊन पाव आणायचा, दुपारी झोपायचं, संध्याकाळी समुद्र किती आत गेलाय ते बघत बसायचं. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला होता. पहिल्या रात्री मी दहा तास झोपले. समीरला वाटलं, हिला ताप आलाय.

बेटाचं नाव न्वारमुतिए, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याला लागून. आमच्याकडून गाडीने साधारण दीड तास. १९७१ पासून तिथे पूल आहे, पण बाबा, आम्ही पुलावरून गेलो नाही. जुनी वाट अजून आहे. तिला 'ग्वा' म्हणतात. चार किलोमीटरांहून थोडा जास्त फरसबंदी रस्ता, थेट समुद्राच्या तळावरून. भरतीला अख्खा पाण्याखाली, ओहोटीला उघडा. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढीच मुभा.

मी तिथली पाटी बघायच्या आधीच तुमचा हिशोब लावला. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली, म्हणजे वद्य प्रतिपदा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे दुपारी पाऊणला भरती. समीरला म्हटलं, "आत्ता कसले जाताय, गाडीसकट बुडू." पाटीवर मात्र ओहोटी साडेबाराची! अलिबागला अमावस्या-पौर्णिमेला दुपारी पाणी चढलेलं असतं, आणि इथे त्याच वेळी लोक बादल्या-दाताळी घेऊन चिखलात उतरलेले, आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले उकरत. चंद्र तोच, पण पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपल्या वेळेने पोचतं. तुमचं गणित अलिबागपुरतंच खरं, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. रागावू नका.

रस्ता शेवाळाने बुळबुळीत. १९९९च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत इथे सायकलवाले एकमेकांवर कोसळले होते, त्यातल्या अलेक्स झ्यूलेची सहा मिनिटांहून जास्त गेली. वाटेत मधूनमधून उंच खांब आहेत, त्यांना शिड्या. वेळ चुकलेल्यांनी वर चढून बसायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. गाडी समुद्रात सोडून.

त्या खांबाखाली उभी राहिले आणि अलिबागचा कुलाबा किल्ला आठवला, तिथेही ओहोटीलाच चालत जायचं. आई पंचायतनाच्या गणपतीला प्रदक्षिणा घालतेय, मला गोड्या पाण्याच्या विहिरीत डोकवायचंय, आणि तुमची नजर सारखी दरवाज्याबाहेर. "आटपा, पाणी वळलं!" विहीर कधी मनासारखी बघूच दिली नाहीत. फार राग यायचा मला. आणि परवा चिनू शंखशिंपले वेचत लांब गेला, तर मी ओरडले, "आटप, पाणी वळलं!" अगदी तुमचाच आवाज. समीरने घड्याळ दाखवलं. पाणी वळायला अजून अर्धा तास होता.

आई, आता तुझ्या कामाचं. या बेटावर बॉनॉत नावाचा बटाटा होतो, लिंबाएवढा, साल इतकी पातळ की बोटाने निघते. रानात समुद्राचं शेवाळ खत म्हणून घालतात आणि मेच्या सुरुवातीला हाताने काढतात. फार थोडे दिवस मिळतो. घरमालकिणीने सालीसकट उकडून वर खारं लोणी घालून दिला. मी मनातल्या मनात त्याला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली, पण गप्प बसून खाल्ला. चांगला होता. महाग मात्र इतका की भाव सांगत नाही, तू जेवणार नाहीस.

मिठागरंही आहेत, पेणकडच्यासारखी. मीठ उन्हाळ्यात धरतं, आत्ता खाचरं साफ करणं चाललं होतं, म्हणून गेल्या वर्षीचं घेतलं. पाण्यावर जो पातळ पापुद्रा धरतो, तो अलगद काढून घेतात. दुधावरची साय काढावी तशी मिठाची साय. पुढच्या महिन्यात समीरचा मित्र मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी पाठवते. कैरीच्या लोणच्यात घालून संपवू नकोस! पेजेवर चिमूटभर घे.

बाबा, गुडघ्याचं तुम्ही सांगत नाही, आई सांगते. किल्ल्यावर जायचंच असेल तर टांग्याने जा, आणि एकटे नको. वाळूतून चालत जाण्यात आता काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही. दिवाळीत आम्ही येतोय. तिथी तुम्ही काढा, विहीर मी बघणार.

तुमची,
मनू

ता. क. चिनूने आणलेले शिंपले रिकामे आहेत असं समजून बाल्कनीत ठेवले होते. एक रिकामा नव्हता. कालपासून वास सुटलाय आणि तो कुठला, हे अजून सापडत नाही.